पासवर्ड बरोबर, तरी पडदा पुन्हा लॉगिनचाच: उबुंटूत पाथ बिघडतो तेव्हा

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेदहाला फोन येतो. "सर, उबुंटू गेलं. पासवर्ड टाकतोय, बरोबरच टाकतोय, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत पासवर्ड मागते." मी विचारतो, आज जावा टाकलंस का? पलीकडे शांतता. मग हळूच, "हो सर, हडूपसाठी. तुम्हाला कसं कळलं?"

कळायला ज्योतिष लागत नाही. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब सांभाळतो. दर वर्षी हडूपचं, म्हणजे प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रॅक्टिकल जवळ आलं की हा आजार पावसाळी तापासारखा पसरतो. मुलं कुठून तरी चार ओळी उचलतात, एका सिस्टिम फाइलमध्ये चिकटवतात, मशीन रीस्टार्ट करतात आणि दाराबाहेर अडकतात. मग मित्र सल्ला देतो की उबुंटू पुन्हा टाक. त्या नादात प्रोजेक्टही पुसला जातो. बिघडलेली असते फक्त एक ओळ, आणि ती पाच मिनिटांत दुरुस्त होते.

कमांड मी इथं फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या. दोन ठिकाणी हमखास घसरगुंडी होते: यूएसआर म्हणजे यू, एस, आर ही तीन अक्षरं, 'यूजर' नव्हे, आणि ईटीसी म्हणजे ई, टी, सी. पाथ, जावा_होम (जावाच्या फोल्डरचा पत्ता) अशी व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रामांसाठी साठवलेल्या माहितीची, नावं कॅपिटलमध्ये, बाकी सगळं स्मॉलमध्ये. लिनक्स, म्हणजे उबुंटू ज्यावर उभं आहे ती सिस्टिम, या दोन्हींना वेगळं मानतं.

आधी पासवर्डवरचा संशय काढा

पासवर्ड खरोखर चुकला तर लॉगिनचा पडदा जागचा हलत नाही. चौकटीखाली 'जमलं नाही, पुन्हा प्रयत्न करा' अशा अर्थाची ओळ येते आणि बस. पण पडदा काळा होऊन परत आला, तर पासवर्ड पास झालेला आहे. तुम्ही आत गेलात, डेस्कटॉपचं सेशन उभं राहता राहता कोसळलं, आणि जीडीएमनं, म्हणजे लॉगिनचा पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, तुम्हाला परत उंबऱ्यावर आणून सोडलं. सिस्टिमच्या लॉगमध्येही हेच दिसतं: तुमच्या नावानं सेशन उघडल्याची नोंद आणि काही सेकंदांत बंद झाल्याची नोंद. त्यामुळे पासवर्ड रीसेट करत बसू नका. त्यानं काहीही होणार नाही.

असं वागायला लावणारी इतरही कारणं आहेत. डिस्क काठोकाठ भरली असेल, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडला असेल, किंवा होम फोल्डरमधली .एक्सऑथॉरिटी ही फाइल चुकून रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य ॲडमिन यूजरच्या, मालकीची झाली असेल. पण त्या दिवशी तुम्ही पाथ, जावा_होम असं काही 'सेट' केलं असेल, तर बाकीच्यांच्या मागे आधी लागू नका. शेवटचा हात कुठं लावला होता तिथंच बघायचं.

मागच्या दारानं आत

लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर लॉगिन असं लिहून येईल. इथं यूजरनेम टाकायचं. पडद्यावर दिसतं ते पूर्ण नाव चालत नाही. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, त्याला घाबरू नका. "सर, कीबोर्डपण गेला" हा फोन मला यामुळेच येतो.

आत गेल्यावर, तुम्ही काहीही टाइप करायच्या आधीच, लेसपाइप आणि डीआयआरकलर्स नावाच्या कमांड सापडत नाहीत अशी कुरकुर दिसली, तर निदान जवळपास झालं. खात्रीसाठी एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, टाइप करा. उबुंटू सांगेल की ही कमांड /बिन/एलएस इथं आहे, पण /बिन तुमच्या पाथमध्ये नसल्यामुळे ती सापडली नाही. ही ओळ फोनवर वाचून दाखवली की मी सुस्कारा सोडतो.

पाथ म्हणजे फोल्डरांची एक यादी. तुम्ही एलएस म्हटलंत की शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, ही यादी वरपासून खालपर्यंत चाळतं आणि ज्या फोल्डरमध्ये एलएस नावाची फाइल मिळेल ती चालवतं. यादीच चुकली तर घरात सगळी भांडी असून हाताला काही लागत नाही. डेस्कटॉप उभा करणाऱ्या स्क्रिप्टही डझनभर छोट्या कमांड अशाच नावानं हाका मारून बोलावतात. हाकेला कुणी ओ दिली नाही की सेशन मरतं.

तात्पुरती यादी हातानं देऊया:

एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. एक्सपोर्ट ही बॅशच्या, म्हणजे उबुंटूतल्या नेहमीच्या शेलच्या, पोटातलीच कमांड आहे, ती कुठल्या फोल्डरमध्ये शोधावी लागत नाही, म्हणून पाथ बिघडला असतानाही चालते. सीडी, इको, पीडब्ल्यूडी याच जातीच्या. एलएस चालत नसताना 'इको *' लिहिलं तर फोल्डरमधल्या फाइलींची नावं मिळतात. ही युक्ती दाखवली की मुलं जादूगार बघितल्यासारखी बघतात.

वरची ओळ फक्त या एका खिडकीपुरती आहे. रोग अजून फाइलमध्येच आहे. तो बघायला:

कॅट /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट

दहातल्या आठ वेळा मला फोनवर हे ऐकू येतं:

पाथ="$पाथ:/यूएसआर/लिब/जेव्हीएम/जावा-८-ओपनजेडीके-एएमडी६४/बिन"

दिसायला ओळ अगदी निर्दोष. जुना पाथ घे, पुढे जावाचं फोल्डर जोड. .बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं त्या होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये, हीच ओळ लिहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट ही स्क्रिप्ट नाही. ती कुठलंही शेल वाचत नाही. ती वाचतं पॅम, म्हणजे लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेतलं पॅम_एन्व्ह नावाचं मॉड्यूल, आणि त्याला डॉलरचा अर्थ ठाऊक नाही. नाव, बरोबर, किंमत, एवढंच ते जाणतं. डॉलर-पाथ ही अक्षरं त्यानं जशीच्या तशी उचलली. म्हणजे तुमच्या यादीत आता दोन नोंदी उरल्या: एक डॉलर-पाथ नावाचं अस्तित्वात नसलेलं फोल्डर, आणि दुसरं जावाचं. त्यात एलएस कुठून असणार?

गंमत म्हणजे हीच चूक डेबियनवर केली तर बहुतेक वेळा निभावून जातं, कारण तिथली /ईटीसी/प्रोफाइल फाइल पाथ स्वतःच नव्यानं ठरवते. उबुंटूची तशी ठरवत नाही. "मित्राच्या मशीनवर हीच ओळ चालली होती" या तक्रारीचं हे एक उत्तर.

दुरुस्ती अशी (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं चालव, नॅनो म्हणजे फाइल बदलायचा साधा एडिटर):

सुडो नॅनो /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट

वरची तात्पुरती यादी दिली नसेल तर पूर्ण पत्ता लिहा: /यूएसआर/बिन/सुडो /यूएसआर/बिन/नॅनो आणि मग फाइलचं नाव. पाथची ओळ अशी करा, एकाच ओळीत, मध्ये कुठंही जागा न सोडता:

पाथ="/यूएसआर/लोकल/एसबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/एसबिन:/यूएसआर/बिन:/एसबिन:/बिन:/यूएसआर/गेम्स:/यूएसआर/लोकल/गेम्स:/स्नॅप/बिन"

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग सुडो रीबूट. फाइलमध्ये पाथच्या दोन ओळी राहू देऊ नका. शेवटची ओळ आधीचीवर मात करते, आणि शेवटची नेमकी चिकटवलेलीच असते.

जावाचं फोल्डर कुठं जोडायचं? माझं मत विचाराल तर कुठंच नको. एपीटीनं, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकणाऱ्या कमांडनं, टाकलेल्या ओपनजेडीके या पॅकेजचा जावा /यूएसआर/बिनमधून आधीच मिळतो, पाथला हात लावायची गरजच नसते. हडूपला हवं असतं ते जावा_होम, आणि ते हडूपच्याच फोल्डरमधल्या हडूप-एन्व्ह.एसएच या फाइलमध्ये लिहायचं असतं. तिथं चूक झाली तर फार तर हडूप सुरू होणार नाही. तुमचं घर तरी उघडं राहील.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३नंही काही झालं नाही तर

कधीकधी काळा पडदासुद्धा येत नाही. मग मशीन बंद करून सुरू करा आणि सुरुवातीलाच एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या, यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट. इथं डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडलेली असू शकते, म्हणून आधी:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आणि मग वरचीच दुरुस्ती. हेही जमलं नाही तर उबुंटूची पेन ड्राइव्ह लावा, 'ट्राय' निवडा, आतली डिस्क उघडा आणि तीच फाइल तिथून बदला. फक्त पेन ड्राइव्हवरची नव्हे, आतल्या डिस्कवरची ईटीसी. एका मुलानं तीनदा पेन ड्राइव्हचीच फाइल दुरुस्त केली होती आणि तीनदा मला फोन केला होता.

विंडोजची सवय

आपल्याकडची बहुतेक मुलं विंडोजवर वाढलेली. तिथं पाथमधले फोल्डर अर्धविरामानं तोडतात, इथं विसर्गासारख्या कोलननं. /ईटीसी/एन्व्हायरन्मेंटमध्ये अर्धविराम टाकलात तर त्याच्या दोन्ही बाजूंचे पत्ते मिळून एकच लांबलचक, कुठंही नसलेलं फोल्डर तयार होतं. शेलच्या फाइलमध्ये तोच अर्धविराम अवतरणाबाहेर टाकलात तर पुढचा भाग वेगळी कमांड समजून चालवायचा प्रयत्न होतो. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडली की शेल 'पाथ' नावाची कमांड शोधायला निघतं.

आणखी एक चोरटी चूक डोळ्यांना दिसतच नाही. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर येतं. लिनक्स ते किमतीचाच भाग मानतं. 'कॅट -ए' करून बघा, इथला ए कॅपिटल. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसलं की सापडला चोर. ती ओळ पुसून नॅनोमध्ये हातानं लिहा.

माझी स्वतःची फजिती

मुलांना हसतोय, पण मी स्वतः दीड दिवस अडकलो होतो, आणि माझा पाथ अगदी ठणठणीत होता. एलएस चालत होतं, सगळं चालत होतं, फक्त डेस्कटॉप उभा राहत नव्हता.

झालं असं की मी फ्लॅटपॅकनं, म्हणजे ॲप टाकायच्या आणखी एका साधनानं, एक ॲप टाकलं. फ्लॅटपॅक कधीकधी एक टीप छापतं: आमची अमुक दोन फोल्डर एक्सडीजी_डेटा_डर्स या व्हेरिएबलच्या यादीत नाहीत, त्यामुळे सेशन नव्यानं सुरू होईपर्यंत ॲप मेनूत दिसणार नाही. टीपेतच उत्तर होतं: लॉगआउट करून परत या. पण मी पडलो शहाणा. .प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये, एक्सडीजी_डेटा_डर्स लिहून त्यात फ्लॅटपॅकची ती दोनच फोल्डर टाकली.

हे व्हेरिएबल कोरं असेल तर प्रोग्राम आपणहून /यूएसआर/लोकल/शेअर आणि /यूएसआर/शेअर बघतात. पण तुम्ही त्यात काहीही लिहिलंत की ते फक्त तेवढंच बघतात. जीनोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, साऱ्या सेटिंगचे साचे /यूएसआर/शेअरमध्ये असतात. ते यादीतून गेले, आणि जीनोमनं 'या सिस्टिमवर जीसेटिंग्जचे स्कीमा नाहीत' असं लिहून जीव सोडला. ही ओळ मला दीड दिवसानंतर सापडली, कारण तोवर मी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो. वर जो सल्ला दिलाय तो असा कमावलेला आहे. ओळ सापडली ती या कमांडनं:

जर्नलसीटीएल -बी

लॉग लांबलचक असतो. कॅपिटल जी दाबून शेवटी जा आणि वर सरकत या. लॉगिनच्या वेळेची नोंद गाठली की तिच्यानंतरचं पहिलं रडगाणं वाचा. नंतरची बहुतेक रडगाणी त्या पहिल्याचीच पिलावळ असते.

असंच एक व्हेरिएबल एलडी_लायब्ररी_पाथ, लायब्रऱ्या कुठं शोधायच्या ते सांगणारं. एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या सूचनांत ते .प्रोफाइलमध्ये टाकायला सांगितलेलं असतं. त्या सॉफ्टवेअरनं सोबत आणलेल्या जुन्या लायब्रऱ्या मग डेस्कटॉपच्याही गळ्यात पडतात, आणि लॉगमध्ये 'अनडिफाइन्ड सिंबल' अशी तक्रार दिसते. हे व्हेरिएबल सगळ्या सेशनला कधीच देऊ नये. ते सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्येच ठेवावं.

दोष घरात की गावात

/ईटीसी/एन्व्हायरन्मेंट स्वच्छ निघाली तर एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या यूजरनं लॉगिन होतं का? दुसरा यूजर नसेल तर काळ्या पडद्यावरून सुडो ॲडयूजर करून एक बनवा. तो सरळ आत गेला तर दोष तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. तोही अडकला तर ईटीसीमध्ये, म्हणजे /ईटीसी/प्रोफाइल किंवा /ईटीसी/प्रोफाइल.डी या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत.

घरातला दोष असेल तर फाइल वाचत बसण्यापेक्षा बाजूला सारून बघा:

एमव्ही ~/.प्रोफाइल ~/.प्रोफाइल.खराब
सीपी /ईटीसी/स्केल/.प्रोफाइल ~/

स्केलमध्ये नव्या यूजरला मिळणाऱ्या कोऱ्या प्रती असतात. .बॅशआरसीचंही असंच करता येतं. लॉगिन झालं की खराब फाइल उघडून निवांत बघा. त्यात एक्झिट किंवा एक्झेक असा शब्द कुठं आलाय का ते आधी. डेस्कटॉप सुरू होताना .प्रोफाइल त्याच शेलमध्ये वाचली जाते, त्यामुळे तिच्यातला एक्झिट अख्खं सेशन घेऊन जातो. शिवाय ती डेस्कटॉपसाठी वाचणारं शेल दर वेळी बॅशच असेल असं नाही, ते डॅश नावाचं आणखी साधं शेलही असू शकतं. उबुंटूनं २००६मध्ये, ६.१० या आवृत्तीपासून, एसएच, म्हणजे सिस्टिमच्या स्क्रिप्टचं शेल, म्हणजे डॅश असं केलं. बॅशमध्ये चालणारे ॲरे (एका नावाखाली अनेक किमतींची यादी) डॅशला कळत नाहीत.

.बॅश_प्रोफाइल नावाची नवी फाइल तुम्ही किंवा एखाद्या इन्स्टॉलरनं बनवली असेल, तर बॅश तीच वाचतं आणि .प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. यानं लॉगिन अडत नाही, पण काळ्या पडद्यावर किंवा एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवरून केलेल्या लॉगिनमध्ये) कालपर्यंतचा पाथ अचानक गायब होतो. आणि .बॅशआरसीनं .बॅश_प्रोफाइलला, तिनं परत .बॅशआरसीला बोलावलं असेल तर दोघी एकमेकींना हाका मारत बसतात आणि टर्मिनल लटकतं. अशा वेळी कंट्रोल-सी दाबून बघा.

समोर मशीनच नसेल तर

सर्व्हरवर एसएसएचनं बसून या फाइली बदलत असाल तर चालू खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून नव्यानं लॉगिन करून बघायचं. फसलं तर पहिली हातात असते. ती आधीच बंद केली असेल तरी एक वाट आहे. एसएसएचला पुढे कमांड दिली तर ती लॉगिन शेल उघडत नाही, म्हणून .प्रोफाइल वाचलीच जात नाही, आणि उबुंटूच्या .बॅशआरसीच्या सुरुवातीलाच 'समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर' अशी अट लिहिलेली आहे. तुमची घोडचूक फाइलीच्या तळाशी असेल तर ती टळते. म्हणून:

एसएसएच यूजर@सर्व्हर "/बिन/एमव्ही .बॅशआरसी .बॅशआरसी.खराब"

/बिन लिहायला विसरू नका, पाथच बिघडला असेल तर एमव्हीसुद्धा सापडणार नाही.

आता आमच्या लॅबमध्ये नियम असा आहे. ईटीसीतल्या कुठल्याही फाइलीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत. .प्रोफाइल बदलली तर 'एसएच -एन ~/.प्रोफाइल' चालवायचं, व्याकरणाची चूक असेल तर ते बोलतं, नसेल तर गप्प बसतं. आणि लॉगआउट किंवा रीस्टार्ट करण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून तिथं नव्यानं लॉगिन करून, एलएस चालतं का बघायचं. तिथं बिघाड दिसला तर डेस्कटॉप अजून उघडाच असतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ२नं परत यायचं, नाही आलं तर एफ१.

काळ्या पडद्यावर कॉपी-पेस्ट होत नाही, म्हणून पाथची ती पूर्ण ओळ मोठ्या अक्षरांत छापून लॅबच्या भिंतीवर, स्विचबोर्डाशेजारी चिकटवली आहे. मुलं तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवतात. तरीही फोन येतातच. परवा एकानं ओळ बरोबर उतरवली होती, फक्त यूएसआरच्या जागी प्रत्येक वेळी 'यूजर' लिहिलं होतं.